भरतीला वाट देणारा पूल

पणजी बेटावर वसलेली आहे, हे वर्षातून दोनदा गोव्याला जाणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन्ही नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. चारी बाजूंनी पाणी असलेल्या या भूभागाला तिसवाडी म्हणतात. मुंबईकडून येणारी गाडी मांडवीवरचा उंच पूल ओलांडते, मडगावकडून येणारी झुआरीवरचा. पाणी इतकं खाली राहतं की आपण बेटावर उतरलो हे कळतच नाही. ते कळायचं असेल तर पणजीहून रायबंदरला पायी जावं.

या वाटेचा जवळजवळ सगळा भाग, तीन किलोमीटरहून थोडा अधिक, हा १६३३-३४ मध्ये बांधलेला दगडी पूल आहे. लिन्यारिशचा काउंट दों मिगेल द नोरोन्या १६२९ ते १६३५ या काळात पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. त्याने हा पूल बांधवला म्हणून पोर्तुगीजांनी त्याला ‘पोंत द लिन्यारिश’ म्हटलं. गोवेकर नुसतं ‘कॉजवे’ म्हणतात. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते : दौलताबाद १६३३ मध्ये मोगलांच्या हाती पडलं होतं, शहाजीराजे पेमगिरीहून निजामशाही सावरू पाहत होते, आग्र्याला ताजमहालाचं काम चालू होतं आणि शिवाजी महाराज चार वर्षांचे होते. त्या वेळी मांडवीच्या काठच्या चिखलात जांभ्या दगडाचे चिरे रचले जात होते. आज त्यावरून बसगाड्या जातात, दुचाक्या जातात, शाळेची मुलं जातात. आपण पुलावर आहोत हे त्यांतल्या बहुतेकांना जाणवतही नसावं, कारण हा पूल उंच नाही, त्याला मनोरे नाहीत, तारा नाहीत. तो पाण्याच्या अगदी जवळून, रस्त्यासारखा सरळ जातो.

मी पणजीच्या बसस्थानकाजवळून, पाटोकडून निघाले. इथे ओरेमची खाडी मांडवीला मिळते. डोक्यावर मांडवीचे तीन पूल आहेत. त्यांतला सर्वांत उंच, तारांनी तोललेला अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. नदीत कॅसिनोंची जहाजं नांगरलेली. त्यांची गर्दी मागे पडली की डावा हात नदीचा आणि उजवा हात चिखलाचा होतो. डावीकडे मांडवीचं रुंद पात्र आणि पलीकडे चोडण बेटाचा हिरवा काठ. डॉ. सलीम अली यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य तिथे आहे. उजवीकडे तिवरं, खारट पाण्याची डबकी, मिठागरांचे बांध, आणि त्यापलीकडे मेरशी-चिंबलच्या दिशेने चढत गेलेली जमीन. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर तोल सांभाळत चिखल टोचत होत्या. एक ब्राह्मणी घार वर फिरत होती.

या पुलाच्या कमानी बघायच्या तर वेळ साधावी लागते. भरती असली की त्या जवळजवळ बुडालेल्या असतात, वरून फक्त रस्ता दिसतो. पाणी उतरलं की कठड्यावरून वाकून बघावं. काळपट-लाल दगडाच्या ठेंगण्या कमानी, त्यांच्या पायाशी कालवांचे खरखरीत थर, आणि मधून मांडवीकडे धावणारं गढूळ पाणी. सलग भराव, मग काही कमानी, मग पुन्हा भराव, अशी त्याची घडण आहे. हा आशियातला सर्वांत लांब पूल होता, असं पर्यटकांना कौतुकाने सांगितलं जातं. मला त्या विक्रमात रस नाही. भराव धरून लांबी मोजायची की फक्त कमानी, यावर तो वाद अवलंबून आहे. माझ्या मते मोठेपण आहे ते भरावात जागोजागी कमानी सोडण्याच्या निर्णयात.

एका कमानीच्या वर कठड्याला टेकून एक वयस्क गृहस्थ गरी टाकून बसले होते. पाण्याने भरलेल्या बादलीत दोन-तीन शेवटे होते. “काका, इथेच का बसता? तिकडे जेट्टीवर तर जागा मोकळी आहे,” मी विचारलं. त्यांनी मान न वळवता सांगितलं, “सुकतेक उदक भायर सरता बाय, तेन्ना नुस्तें हांगाच येता.” ओहोटीला पाणी बाहेर पडतं, तेव्हा मासा इथेच येतो. चारशे वर्षांपूर्वीच्या बांधकामाबद्दल यापेक्षा नेमकं वाक्य मला पुढे कुठे ऐकायला मिळालं नाही. पुलामागे जी खारट जमीन आहे, तिच्यात भरतीबरोबर मासा शिरतो, तिवरांच्या मुळांत वाढतो आणि ओहोटीला या दगडी दारांतून नदीत परततो. काळुंदरं, चणक, कोळंबी, सगळ्यांचा रस्ता हाच.

तिसवाडीच्या किनाऱ्याची मूळ रचना समजून घेतल्याशिवाय हा पूल समजत नाही. गोव्याच्या नद्यांत समुद्राचं पाणी कित्येक किलोमीटर आत येतं. भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवसांत दोन मीटरांच्या आसपास जातो. या खाऱ्या पाण्याच्या काठी गावकऱ्यांनी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी खाजन जमिनी तयार केल्या. चिखल आणि दगडाचे बांध घालून नदी बाहेर ठेवायची, बांधात लाकडी झडपांची दारं बसवायची. या दारांना ‘मानस’ म्हणतात. पाणी बाहेरून दाबायला लागलं की झडप आपोआप मिटते, आतलं पाणी चढलं की उघडते. पावसाळ्यात आत खारं पाणी सोसणारं कोरगुट भात घ्यायचं, भात कापलं की भरतीचं पाणी आत घेऊन मासळी आणि काही ठिकाणी मीठ. बांधाची देखभाल गावकारीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेकडे असे. खेकड्यांनी बांध पोखरला, उधाणाने फोडला, तर गाव धावून जाई. एका हंगामाची हयगय झाली तरी शेत खारं होतं आणि मग काही वर्षं भात पिकत नाही. नदीला पूर्ण अडवायचं नाही, तिच्याशी वेळापत्रक ठरवून राहायचं, ही या बेटाची जुनी रीत होती.

लिन्यारिशच्या पुलाने ही रीत मोडली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि या पुलाबद्दल लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. तीन किलोमीटरचा सलग बांध घातला असता तर काम सोपं झालं असतं. मागची सगळी दलदल नदीपासून तुटली असती, पहिल्या मोठ्या पावसात चिंबलच्या उतारावरचं पाणी भरावामागे तुंबलं असतं आणि भराव फुटला असता. कमानी ठेवल्या म्हणून वरचं पाणी उतरत राहिलं, भरती आत येत राहिली, मिठागरं जगली. मुंबईत अठराव्या शतकाच्या शेवटी हॉर्नबीच्या बांधाने वरळीची खाडी बुजवली आणि समुद्राला कायमचं बाहेर काढलं. त्या शहराला आजही प्रत्येक पावसाळ्यात पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न पडतो. रायबंदरच्या पुलाने दुसरा मार्ग घेतला होता, तोही दीडशे वर्षं आधी.

हे पोर्तुगीजांचं शहाणपण की इथल्या गवंड्यांचं आणि बांध घालणाऱ्यांचं? दगड इथला, चुना इथला, चिखलाची जाण इथली. लिन्यारिश रोजनिशी ठेवत असे आणि ती विसाव्या शतकात लिस्बनमध्ये छापली गेली. बांधवणाऱ्याचं नाव असं राहिलं, चिखलात उभं राहून चिरे बसवणाऱ्यांचं राहिलं नाही. मला यात शंका वाटत नाही की भरती कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्याने कमानींच्या जागा दाखवल्या असणार.

पूल बांधण्यामागची गरज मात्र राज्यकर्त्यांची होती. १५१० मध्ये अफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून हे बेट घेतलं आणि १५३० पासून जुने गोवे ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या साम्राज्याची राजधानी झाली. राजधानी नदीमुखापासून बरीच आत. पणजी तेव्हा ताळगावच्या हद्दीतली छोटी वस्ती होती. आदिलशहाचा वाडा, टेकडीवरचं चर्च आणि कोळ्यांची घरं. पण लिस्बनहून येणारं प्रत्येक जहाज आधी इथून जाई. नवा व्हाइसरॉय राजधानीत समारंभाने प्रवेश करण्यापूर्वी पणजीच्या वाड्यात किंवा पलीकडे रेईश मागूशला मुक्काम करी. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये दलदल पसरलेली असल्याने शहराकडे जायचं तर होडीने, नाहीतर लांबचा वळसा घेऊन. त्यातच डच जहाजांचा धोका वाढत चालला होता. १६३६ पासून पुढची काही वर्षं डचांनी मांडवीच्या तोंडाशी नाकेबंदीच केली. इंग्रजांशी लिन्यारिशने जानेवारी १६३५ मध्ये गोव्यात तह केला, तोही याच दडपणाखाली. नदीच्या तोंडापासून राजधानीपर्यंत माणसं आणि तोफा जमिनीवरून नेता येणं ही त्या काळात चैन नव्हती.

आणि हे बेट म्हणजे काय होतं, तेही विसरता येत नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली. देव रातोरात पाण्यापलीकडे, अंत्रुजात आणि डिचोलीकडे नेले गेले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे त्याचं देऊळ नव्याने बांधवलं. १५६० मध्ये आलेलं इन्क्विझिशन, मधली थोडी वर्षं सोडता, १८१२ पर्यंत टिकलं. ज्या सत्तेने हा पूल बांधला तिचं गुणगान करण्याचं मला काही कारण दिसत नाही. पण वास्तू सत्तेपेक्षा जास्त जगते आणि मग ती वापरणाऱ्यांची होते. या पुलावरून साम्राज्याच्या पालख्या गेल्या तशी मीठवाल्यांची ओझीही गेली. आज त्यावर हक्क कोणाचा असेल तर तो रोज त्यावरून कामाला जाणाऱ्या रायबंदरकराचा.

दगडाविषयी थोडं थांबून लिहायला हवं, कारण कोकणातल्या वाचकाला तो घरचा आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे पाडता येतात. हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस ब्युकॅनन याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, म्हणून रंग गंजासारखा. पण जांभा सच्छिद्र असतो. पाऊस आणि मीठ दोन्ही त्याच्यात मुरतात. मीठ आत स्फटिक होऊन दगडाचा पृष्ठभाग झिजवत राहतं. म्हणून जुने बांधणारे जांभ्याला चुन्याचा गिलावा करत, सांध्यांत शिंपल्यांचा चुना भरत. चुना दगडाला श्वास घेऊ देतो, आतला ओलावा बाहेर पडतो. सिमेंट तो अडवतं आणि मग दगडच फुटायला लागतो. जुन्या गोव्याचं बॉम जेझूसचं बॅसिलिका १५९४ ते १६०५ मध्ये बांधलं गेलं. त्याचा गिलावा १९५० च्या सुमारास खरवडून काढला गेला. उघडा लाल दगड छायाचित्रांत देखणा दिसतो, पण तो पावसाने झिजतो आहे, ही चिंता गोव्यात गेली अनेक वर्षं व्यक्त होते आहे. पुलाच्या कमानींना तर वरून पाऊस, खालून खारं पाणी आणि डोक्यावर वाहनांचा हादरा, असा तिहेरी मार आहे. दुरुस्ती झाली पाहिजे, पण ती चुन्याने. सिमेंटचा एक हात फिरवून मोकळं होणं हे या दगडाचं नुकसान आहे.

पायाबद्दल गोव्यात सांगितलं जातं की चिखलात जांबा नावाच्या झाडाचे ओंडके रोवून त्यावर बांधकाम उभं केलं. जांब्याचं लाकूड जड, टणक, वाळवीला दाद न देणारं. कायम पाण्याखाली, हवा न लागता गाळात गाडलेलं लाकूड शतकानुशतकं कुजत नाही. कुजतं ते ओलं-सुकं होत राहणाऱ्या पट्ट्यात. म्हणजे पुलाखालच्या गाळाची आणि पाण्याची पातळी जशी आहे तशी राहणं, हेही पायाचंच संरक्षण आहे. जवळपास खोदकाम करून गाळ हलवला, तर वरचा दगड शाबूत असूनही पुलाला धोका होऊ शकतो.

उजव्या बाजूच्या मिठागरांकडे पाहत मी बराच वेळ उभी होते. मिठाचा हंगाम साधारण जानेवारीपासून पाऊस येईपर्यंत. उधाणाचं पाणी मानसीतून मोठ्या खाचरात घ्यायचं, ते उन्हात दाट होऊ द्यायचं, मग एकाहून एक उथळ अशा वाफ्यांत फिरवत न्यायचं. शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं, ते लाकडी फळीने ओढून काठावर ढीग घालायचे. गोव्याचं मीठ एकेकाळी घाट चढून दूरवर जात असे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने मिठाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं आणि इथल्या आगरांचं कंबरडं मोडलं. करार १८९२ मध्ये संपला, धंदा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. आज पुलालगतची कित्येक खाचरं पडीक आहेत, बांध ढासळलेत, तिवरं आत शिरलीत. तिवरं वाढणं वाईट नाही. पण राबतं मिठागर आणि पडीक दलदल यांत फरक आहे : पडीक दलदलीकडे ‘मोकळी जागा’ म्हणून बघणारे लवकर येतात.

रायबंदर जवळ आलं की रस्ता जमिनीवर चढतो. नदीला समांतर एका ओळीत जुनी घरं, पायऱ्यांवर सोपे, चर्च, जुन्या मिझेरिकॉर्दियाच्या इस्पितळाची लांबलचक इमारत. इथून चोडणला फेरीबोट सुटते. डिसेंबरात सेंट झेवियरच्या फेस्ताला पणजीकडून पायी निघालेले भाविक याच वाटेने जुन्या गोव्याला जातात.

मराठ्यांच्या इतिहासात या बेटाचं पाणी एकदा निर्णायक ठरलं. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने रात्री जुवे बेटावरचा किल्ला घेतला. ते जुन्या गोव्याच्या अगदी उंबऱ्याशी होतं. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर स्वतः लढायला उतरला, जखमी झाला आणि जेमतेम निसटला. राजधानी घाबरली. शहर वाचावं म्हणून व्हाइसरॉयने झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला, हे पोर्तुगीजांनीच लिहून ठेवलं आहे. मधलं पाणी आणि भरतीची वेळ शहराच्या बाजूने उभी राहिली. पुढे जुने गोवे तलवारीने नाही, रोगराईने रिकामं होत गेलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीला बिऱ्हाड हलवलं. एकोणिसाव्या शतकात मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू या गव्हर्नराने पणजीची दलदल भरून शहर आखलं आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या शहरातल्या पडक्या इमारतींचे दगड नव्या शहराच्या भिंतींना लागले. एक शहर दुसऱ्या शहरात हलत होतं, आणि त्या दोघांमधला जमिनीवरचा सरळ रस्ता हा पूल होता.

१९७० मध्ये मांडवीवर नवा पूल झाला, पणजी आणि बारदेश जोडले गेले. तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. पुढची कित्येक वर्षं लोकांचे हाल झाले, फेरीबोटींवर रांगा लागल्या. बदली पूल १९९२ मध्ये आला. चारशे वर्षांच्या कॉजवेशी सोळा वर्षांच्या पुलाची तुलना करणं न्यायाचं नाही, हे मान्य आहे. खोल, वाहत्या नदीवर मोठा गाळा टाकणं आणि दलदलीवर ठेंगण्या कमानी रचणं ही वेगळी कामं आहेत. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. खाऱ्या हवेत कोणतंही बांधकाम लक्ष ठेवल्याशिवाय टिकत नाही, मग ते काँक्रीटचं असो वा दगडाचं.

आज धोका आहे तो तीन बाजूंनी. एक, वाहनांचं ओझं. पणजीहून जुन्या गोव्याला जायला कदंब पठारावरून रुंद रस्ता आहे. जड वाहनांना रायबंदरच्या कॉजवेवर यायचं काहीच कारण नाही. दुसरा, कमानींची तोंडं. प्लास्टिक, राडारोडा, झुडपं यांनी ती अडली की पूल हळूहळू बांध होतो, आणि बांध होणं हाच त्याचा मृत्यू. तिसरा आणि सर्वांत मोठा, मागची जमीन. पाटो परिसरात दलदलीच्या जागी कार्यालयांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. ती रांग मिठागरांवरून पुढे सरकली तर कमानी उघड्या राहूनही त्यांच्यामागे पाणी घ्यायला जागाच उरणार नाही. समुद्राची पातळी वाढते आहे, पणजीचे सखल रस्ते पावसाळ्यात तुंबतात. भरतीला पसरायला जी जागा उरली आहे तीत या पुलामागची खाजनं येतात. ती सांभाळणं म्हणजे पणजी सांभाळणं.

२०३४ मध्ये या पुलाला चारशे वर्षं पूर्ण होतील. त्या निमित्ताने समारंभ होईल, पाटी लागेल, दिव्यांची रोषणाई होईल. त्याआधी तीन कामं व्हावीत. प्रत्येक कमानीला क्रमांक देऊन तिची मापं आणि अवस्था नोंदवावी. जड वाहनं कायमची बंद करावीत. आणि पुलामागची मिठागरं व खाजनं बांधकामासाठी खुली होणार नाहीत असा कायदेशीर बंदोबस्त करावा. गोव्याला जाणाऱ्या मराठी वाचकाला एक विनंती : एक सकाळ किनाऱ्याऐवजी इथे द्या. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ओहोटीच्या वेळी पाटोपासून निघा, गाडी मागे ठेवा, आणि कठड्यावरून वाकून कमानी नीट बघा.